५६०० घेऊ की ५६००जी? आणि रॅम १६ जीबीची एकच स्टिक चालेल का?

डिचोलीकर_२१
नमस्कार, मी डिचोलीचा, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला. चवथीच्या आधी पीसी असेंबल करायचाय. आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड मावसभावाकडून मिळालंय, मॉनिटर १०८०पी १४४ हर्ट्झ घरात आहे, राहिलं प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम. म्हापशात एका दुकानात विचारलं तर रायझन ५ ५६००जी, ए५२० बोर्ड आणि डीडीआर४ ३२०० ची १६ जीबीची एक स्टिक असं लिहून दिलं. साधा ५६०० का नको विचारलं तर म्हणाले दोन्ही एकच, जी मध्ये वर ग्राफिक्स फुकट. मुख्य खेळतो व्हॅलोरंट, पण जीटीए ५ आणि सायबरपंक पण खेळायचेत. पैसे बाबा देतायत आणि पुढची चारपाच वर्षं काही मागायचं नाही असं ठरलंय, म्हणून प्लीज नीट सांगा.

सत्तरी_बिल्डर
ऑर्डर दिली नसशील तर थांब रे. दोन्ही एकच नाहीत. कोर ६ आणि थ्रेड १२ सारखे आहेत म्हणून नाव वाचून तसं वाटतं, पण ५६०० ला एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली छोटी पण जलद मेमरी) ३२ एमबी आहे आणि ५६००जी ला १६. गेममध्ये प्रोसेसर तोच तोच डेटा परत परत मागतो, तो कॅशमध्ये सापडला नाही की रॅमपर्यंत जावं लागतं आणि तोवर कोर नुसता थांबून राहतो. ७८००एक्स३डी प्रोसेसर गेमिंगमध्ये एवढा पुढे आहे तो त्या ९६ एमबी कॅशमुळेच. व्हॅलोरंटला तर हे जास्तच लागतं, कारण तिथे कार्ड अडत नाही, प्रोसेसर अडतो.

आणि एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. ५६००जी ला पीसीआय (कार्ड आणि प्रोसेसरमधली डेटाची वाट) ३.० आहे, ५६०० ला दुप्पट वेगाची ४.०. तुझं ४०६० त्या वाटेच्या लेन वापरतं ८ च, १६ नाही. म्हणजे ३.० वर लावलं की वाट निम्मी होते. एरवी फारसं कळत नाही, पण सायबरपंकमध्ये कार्डची ८ जीबी मेमरी भरली की गेम रॅममधून डेटा ओढायला लागतो आणि तिथे अडखळतो. ए५२० बोर्डपण ३.० वालाच, तेव्हा नुसता प्रोसेसर बदलून भागणार नाही, बी५५० घे. चार रॅम स्लॉट आहेत ना ते बघ, काही स्वस्त बी५५० ना दोनच असतात. ५६०० ला आतलं ग्राफिक्स नाही हे खरं, कार्ड बिघडलं तर स्क्रीन दिसणार नाही, पण तुझ्याकडे कार्ड आहे मग त्यासाठी अर्धी कॅश कशाला घालवतोस.

फोंडा_६०एफपीएस
रॅमचं मी सांगतो, मी भोगलंय. एक स्टिक घेऊ नको, ८ च्या दोन घे. ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२, सरासरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) सोड पण मध्येच जे झटके बसतात ते दोन स्टिकवर खूप कमी होतात. "पुढे अजून एक टाक" ते पुढे कधी येत नाही.

दुसरं म्हणजे बायोसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू कर, त्यानेच रॅम पाकिटावर लिहिलेल्या स्पीडला चालते. माझा पीसी जिथे असेंबल केला तिथे ते चालूच केलं नव्हतं, दोन वर्षं मी ३२०० चे पैसे देऊन २४०० वर खेळत होतो आणि मला वाटायचं गेमच जड झालेत. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे स्पीड दिसतो. दुकानातून उठायच्या आधी तिथेच बघ.

पेडणे_एएम५
माझं मत वेगळं. चारपाच वर्षं काही मागायचं नसेल तर ५६०० चं एएम४ सॉकेट कशाला? त्या सॉकेटवर प्रोसेसरची पुढची पिढी येणार नाही. एएम५ सॉकेटचा रायझन ५ ७६०० घे, एएम५ ला २०२७ आणि त्यापुढेही सपोर्ट देणार असं एएमडीने सांगितलंय, नोकरी लागली की नुसता प्रोसेसर बदल. शिवाय ७६०० ला आत छोटं ग्राफिक्सपण आहे. डीडीआर५ ६००० सीएल३० (सीएल म्हणजे रॅम उत्तर द्यायला किती ठोके घेते ते) घे, दोनच स्टिक, चार लावल्या तर स्पीड बराच खाली येतो. पहिल्यांदा चालू करताना काही मिनिटं स्क्रीन काळी राहील, ते मेमरी ट्रेनिंग असतं, घाबरून बंद करू नको.

सत्तरी_बिल्डर
@पेडणे_एएम५ बजेट मोकळं असतं तर मीपण हेच म्हटलं असतं. पण २०२५ च्या शेवटापासून रॅम कुठे गेलीये बघताय ना, एआय डेटा सेंटरवाले उचलतायत आणि आपल्यासारख्यांना भुर्दंड. डीडीआर५ म्हणजे रॅमबरोबर बोर्डपण महाग. आणि ६००० सीएल३० चा प्रतिसाद १० नॅनोसेकंद, ३२०० सीएल१६ चा पण १०, डीडीआर५ चा फायदा बँडविड्थमध्ये, म्हणजे सेकंदाला किती डेटा जातो त्यात आहे. याच्या कार्डवर सायबरपंकमध्ये कार्डच आधी दमणार आणि व्हॅलोरंट ५६०० वर १४४ एफपीएसच्या खूप वर जातं. ते पैसे बाबांकडेच राहूदेत.

म्हापसा_यूपीएस
एक विसरलात सगळे, यूपीएस. पावसात आमच्याकडे लायट कधी जाईल सांगता येत नाही, डिचोलीत वेगळं नसेल. बायोस अपडेट चालू असताना लायट गेली तर बोर्ड मेला समज. अपडेट करायचा तर यूपीएस लावूनच कर.

डिचोलीकर_२१
सगळ्यांचे खूप आभार. आत्ताच दुकानात फोन केला, ५६०० आणि बी५५० देतो म्हणाले, स्लॉट चार आहेत. पण ८ च्या दोन स्टिक दोन वेगळ्या कंपनीच्या आहेत, दोन्ही ३२००. चालतील का? आणि चार स्लॉटमध्ये लावायच्या कुठे?

फोंडा_६०एफपीएस
चालतीलही, पण दोघी मिळून ३२०० ला स्थिर राहतील याची खात्री कुणी देणार नाही. दोन स्टिकचं एकच पाकीट येतं ते माग, आठवडा थांबायला लागलं तरी थांब, चवथीला अजून वेळ आहे. लावायच्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, बोर्डवर ए२ आणि बी२ लिहिलेलं असतं.