तळघराचे काम काढायचे आहे, सुरुवात कोठून करावी?

गंगापूररोडकर
नमस्कार मंडळी. आमच्या बंगल्याखाली २० बाय १४ फुटांचे तळघर असून आजवर त्यात जुन्या ट्रंका पडून आहेत. दिवाळीपर्यंत तेथे बाबांची पुस्तके लावून त्यांच्यासाठी बैठक करून द्यावी, असे मनात आहे. ठेकेदार जिप्समने भिंती झाकून लाकडी फरशी टाकू म्हणतो. मात्र पश्चिमेच्या भिंतीला वीतभर उंचीपर्यंत लोणा लागला असून हात फिरवला की पिठासारखी पांढरी भुकटी बोटांना लागते. आधी काय करावे?

सिडकोकर
ती भुकटी म्हणजे भिंतीतून झिरपलेल्या पाण्याने आणलेले क्षार आहेत; पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. त्यावर जिप्सम चढवल्यास ते ओल धरून फुगेल आणि मागे बुरशी येईल, म्हणून हा बेत कृपया मान्य करू नका. दोन फुटी प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टी लावून भिंतीवर दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या अंगाला थेंब आले तर पाणी बाहेरून येत आहे; खोलीकडच्या अंगाला आले तर पावसाळी हवेतले बाष्प थंड भिंतीवर साकळत आहे, आणि तेव्हा खिडक्या उघड्या ठेवल्याने ओल वाढतेच. बाहेरूनही पाहा. आपल्या नाशकात काळ्या मातीखाली खडक लागतो, त्यामुळे पाणी न मुरता भिंतीला टेकून राहते. आमची निम्मी ओल गच्चीचा पाइप भिंतीपासून दूर नेल्यावरच थांबली.

पंचवटीतील वाचक
बांधकामाच्या वेळी बाहेरून शहाबादी फरशीचे बॉक्स वॉटरप्रूफिंग (तळघराभोवती फरशी व सिमेंटचे पाणीरोधक आवरण) केलेले असेल तर उत्तमच. नसेल तर आतला गिलावा खरवडून, भेगा भरून, क्रिस्टलाइन लेप (भिंतीच्या छिद्रांत स्फटिक तयार करून पाणी अडवणारा) द्यावा आणि भिंत व जमीन मिळते तेथे सिमेंटचा गोलसर वाटा, म्हणजे कोपरा भरून काढणारी पट्टी, काढावा. त्यावर सिमेंटचा गिलावा आणि टाइल्स पुरेत. पुस्तकांची कपाटे भिंतीपासून चार इंच सोडून ठेवा.

आणखी एक. राज्याच्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत तळघराला साठवण, वाहनतळ अशा ठरावीक वापरांचीच मुभा आहे, राहण्याची नाही. बैठकीचा विचार मंजूर नकाशा आर्किटेक्टला दाखवूनच करावा.

गंगापूररोडकर
मनापासून आभार. प्लॅस्टिक आजच लावले असून ठेकेदाराला थांबवले आहे. पुस्तके तूर्त वरच्या मजल्यावरच राहतील.