लेडी एमआरला नोकरी मिळते. फील्ड मिळतं का?

रानजाई

कोल्हापूर-सांगली पट्ट्यात मी बरीच वर्षं एमआर (औषध कंपनीची प्रतिनिधी) म्हणून फिरते आहे. सुरुवातीला ओपीडीबाहेरच्या बाकावर बॅग घेऊन बसलेली बाई मी एकटीच असायचे. आता दोघीतिघी तरी दिसतात. त्यावरून लोक म्हणतात, झालं की, फील्डने बायकांना स्वीकारलं. मला ते पटत नाही. विरोधी मतंही यावीत म्हणून इथे मांडते आहे.

आमचं काम डॉक्टरांच्या चेंबरमधल्या दोन मिनिटांत होतं असं बाहेरच्यांना वाटतं. खरं तर ते चालतं खबरीवर. कुठल्या स्टॉकिस्टकडे (औषधांच्या घाऊक विक्रेत्याकडे) माल अडकलाय, कुठल्या हॉस्पिटलचा परचेस बघणारा माणूस बदलला, कोणते डॉक्टर आठवडाभर कॉन्फरन्सला गेलेत, कुणाची ओपीडी संध्याकाळची सकाळी झाली. यातलं डीसीआरमध्ये (रोजच्या कामाच्या अहवालात) कुणी काही लिहीत नाही. हे कळतं दोन ठिकाणी: रात्री केमिस्ट लाइनजवळच्या टपरीवर, आणि एचक्यूच्या, म्हणजे नेमून दिलेल्या गाव-परिसरातल्या सगळ्या कंपन्यांच्या एमआरच्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर.

टपरीवर मी पोचले की बोलणं बदलतं. वाईट कुणी वागत नाही, उलट "मॅडम, चहा घ्या" म्हणून कप पुढे करतात. पण क्लोजिंगचा (स्टॉकिस्टकडे महिनाअखेरीला उरलेल्या मालाचा) विषय तिथेच थांबतो. ग्रुपवर "आज अमुक डॉक्टर नाहीत" या मेसेजच्या खाली-वर असले व्हिडिओ आणि असले विनोद असतात की नवीन मुलगी आठवड्याभरात बाहेर पडते. मग ती एसटीने गारगोटीला जाते, दवाखान्याला कुलूप बघते आणि दिवस वाया घालवून परत येते. महिनाअखेरीला तिचा सेल पडला की मॅनेजर म्हणतो, मुलींना फील्ड जमत नाही.

नोकरी देणं म्हणजे स्वीकारणं नव्हे. खबर सगळ्यांना सारखी मिळाली पाहिजे. त्यासाठी बायकांनी वेगळा ग्रुप काढावा, की आहे त्याच ग्रुपला नियम लावावेत? माझं मत नियमांच्या बाजूने आहे.

घाटरस्ता

ताई, घाण टाकणारे आम्हालाही नको असतात. पण बाकीचं तुम्ही एकाच बाजूने लिहिलंय. आमच्या टीममध्ये मुलीही आहेत. टूर प्लॅन होतो तेव्हा आजरा, चंदगड, गडहिंग्लजचा नाइट हॉल्ट (रात्रीचा मुक्काम) कुणाच्या नावावर पडतो? आमच्या. जुलैत आजऱ्याहून आंबोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर बाइक चालवून बघा, समोरचा ट्रक दिसत नाही. टार्गेट मात्र सगळ्यांचं सारखंच वाढतं.

दुसरं, मॅडम आत गेल्या की डॉक्टर पाच मिनिटं ऐकून घेतात. आम्ही तासभर बाकावर, आणि शेवटी कंपाउंडर येऊन सांगतो, "आज एमआर बंद."

तिसरं, शेजारच्या एचक्यूची मुलगी मॅटर्निटी लीव्हवर गेली, तिचा एरिया मी ओढला. डॉक्टर तिचे, केमिस्ट तिचे, रिपोर्टिंग माझं. इन्सेंटिव्ह? एचक्यू व्हेकंट (रिकामं) दाखवलं, त्यामुळे कुणालाच नाही. तिकडे कंपनी सहा महिने पगार खिशातून देणार. मग छोट्या कंपनीने पुढच्या वेळी मुलगाच का घेऊ नये? समान म्हणायचं तर सगळं समान करा.

स्पष्ट बोलतो

ग्रुप मित्रांचा आहे, कंपनीचा नाही. दिवसभर डॉक्टरांसमोर "हो सर", रात्री मॅनेजरच्या फोनवर "हो सर". माणसाला मोकळं बोलायला एक जागा लागते. तिथेही तोलूनमापून बोलायचं असेल तर तो ग्रुप राहत नाही, कंपनीची सायकल मीटिंग होते. ज्यांना आवडत नाही त्यांनी आपला ग्रुप काढावा, आमची हरकत नाही.

सई सटाणा

मला तिघांशीही भांडायचंय.

स्पष्ट बोलतो, मित्रांचा ग्रुप असता तर स्टॉकिस्टच्या सुट्ट्या, डॉक्टरांच्या बदललेल्या वेळा आणि युनियनची नोटीस त्यावर का आली असती? एचक्यूत रुजू होताच नव्या माणसाला त्यात घेतात, मैत्री बघून नाही, बॅग बघून. मित्रांचा ग्रुप जरूर काढा, त्यात काय हवं ते बोला. कामाचा ग्रुप कामाचा राहू दे. आणि वेगळा लेडीज ग्रुप आम्ही काढून बघितलाय. निम्म्या जणी पुण्या-मुंबईच्या, सटाण्याच्या स्टॉकिस्टची खबर त्यात येणार कुठून?

घाटरस्ता, नाइट हॉल्ट नको असं कुठल्या मुलीने लिहून दिलंय? माझ्या टूर प्लॅनमध्ये मालेगाव-सटाणा-कळवणचा हॉल्ट आहे, कारण मी तो भांडून घेतला. आउटस्टेशनचा डीए (रोजचा भत्ता) जास्त मिळतो, तालुक्याला कंपन्यांची गर्दी कमी असते, आणि तिथले डॉक्टर वर्षभरात नावाने ओळखायला लागतात.

आणि रानजाईताई, ग्रुप सोडून बाहेर पडणाऱ्या मुलींची बाजू मी घेणार नाही. मी ग्रुपवरच राहिले. घाण आली की टाकणाऱ्याचं नाव घेऊन सगळ्यांसमोर लिहिते, "हे इथे नको." चारदोन वेळा लिहिल्यावर तो माणूस थांबतो. नियम कुणी करून देण्याची वाट बघायची नाही.

रानजाई

सई, तुझ्यात ती धमक आहे, तिचं कौतुक आहे. पण बावीस वर्षांची मुलगी, पहिली नोकरी, अजून कन्फर्मेशन व्हायचंय. तिने सीनिअरचं नाव घेऊन लिहावं आणि मग त्याच सीनिअरला विचारावं की अमुक हॉस्पिटलमध्ये कुणाला भेटायचं? प्रत्येकीला धीट असण्याची अट घातली, तर धीट नसलेल्या पुरुषांनाही ती लावावी लागेल. त्यांना ती कुणी लावत नाही.

घाटरस्तादादा, पाच मिनिटांचं बोलते. त्या पाच मिनिटांत बोलणं कशावर होतं? मी औषधाचं मॉलिक्यूल सांगायला व्हिज्युअल एड (माहितीची चित्रं) उघडते, आणि प्रश्न येतो, "गाव कोणतं तुमचं? लग्न झालंय?" मी उत्तर देते, हसते, उठते. महिन्यानंतर समोरच्या केमिस्टकडे आरसीपीए (कुठल्या डॉक्टरांनी कुणाचं औषध लिहिलं याचा हिशेब) काढला की कळतं, त्या डॉक्टरांनी माझं एकही प्रिस्क्रिप्शन लिहिलेलं नाही. बाकावर तासभर बसलेल्या तुमच्या कंपनीचं लिहिलंय.

हॉल्टचंही ऐका. ठरलेल्या डीएत जे लॉज बसतं, तिथे काउंटरवरचा माणूस आधार कार्ड बघूनही विचारतो, "सोबत कोण आहे?" खोलीची कडी आतून नीट बसत नाही, म्हणून मी दाराला टेबल लावून झोपलेली आहे. दिवसभर स्वच्छतागृह नाही, म्हणून दुपारपर्यंत पाणी न पिणाऱ्या मुली माझ्या ओळखीच्या आहेत. मुंबईत बायकांनी २०११ साली "राइट टू पी" म्हणून याच हक्कासाठी चळवळ सुरू केली. तालुक्याच्या स्टँडवर आजही परिस्थिती काय आहे, ते उतरून बघा.

जुनी बॅग

मी आधी एरिया मॅनेजर होतो आणि पुढे आरएम (रीजनल मॅनेजर) म्हणून निवृत्त झालो. काही गोष्टी माहीत असाव्यात म्हणून लिहितो.

मॅटर्निटी लीव्ह कंपनीची मेहरबानी नाही. आपल्या पेशासाठी १९७६ साली सेल्स प्रमोशन एम्प्लॉईजचा कायदा झाला, त्यानेच १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आपल्याला लागू केला. २०१७ मध्ये पहिल्या दोन बाळंतपणांची रजा १२ आठवड्यांवरून २६ झाली. खर्च मालकाचा, हे घाटरस्ता यांचं म्हणणं बऱ्याच अंशी बरोबर आहे. पण जिथे ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू आहे आणि पगार महिना २१,००० च्या आत आहे, तिथे हे पैसे ईएसआय महामंडळ देतं. या पेशातल्या कितीतरी नवीन मुलींचा पगार त्याच्या आत असतो. तरी "मुलगी परवडत नाही" असं सांगणारे मालक मी पाहिलेत.

डॉक्टर त्रास देत असेल तर "तो आपला माणूस नाही, आपण काय करणार" हे उत्तरही चालत नाही. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात कामानिमित्त जिथे जावं लागतं ती प्रत्येक जागा कामाची जागा धरली आहे, म्हणजे चेंबरसुद्धा. त्रास देणारा बाहेरचा असला तरी तक्रारीसाठी मुलीला मदत करणं मालकाला बंधनकारक आहे. तक्रार तीन महिन्यांच्या आत करायची असते. हे मुलींना कुणी सांगत नाही, आणि मॅनेजर मोठा प्रिस्क्रायबर (आपलं औषध भरपूर लिहिणारा डॉक्टर) जाईल म्हणून गप्प बसतात. त्या गप्प बसण्याची मला मनापासून चीड आहे.

पण नाइट हॉल्टबाबत माझं मत वेगळं आहे. मी मुलींना हॉल्ट दिला नाही, आणि आज त्या खुर्चीत असतो तरी दिला नसता. रात्री काही झालं तर तिच्या घरी फोन मलाच करायचा असतो. याला भेदभाव म्हणा, मी जबाबदारी म्हणतो.

सई सटाणा

सर, कायद्याचं लिहिलंत त्याबद्दल आभार, पण शेवटच्या परिच्छेदावर मी गप्प बसणार नाही.

एरिया मॅनेजरच्या जागेसाठी मी मुलाखत दिली. पॅनेलचा पहिला प्रश्न होता: आउटस्टेशन किती केलंत, हॉल्ट किती? माझं उत्तर तयार होतं, कारण मी भांडून घेतलं होतं. माझ्याबरोबरची मुलगी सेल्समध्ये माझ्या पुढे होती. तिचा मॅनेजर तुमच्यासारखाच काळजीवाहू, त्याने तिला कायम एचक्यूत ठेवलं होतं. तिला सांगितलं, तुम्हाला फील्डचा अनुभव कमी आहे. तिच्या भल्यासाठी जे टाळलं, तेच तिच्या नावापुढे कमीपणा म्हणून लिहिलं गेलं. गायनॅक डिव्हिजनमध्ये मुली, कार्डियाक-डायबेटिकमध्ये मुलगे, ही वाटणीही अशीच "तुमच्या सोयीसाठी" होते. रात्रीची काळजी असेल तर चांगलं लॉज द्या. आमची वाट का अडवता?

केमिस्ट, पेठ नाका

काउंटरच्या या बाजूने सांगतो. ऑर्डर घ्यायला बाई आली की पुरुष, याने आम्हाला फरक पडत नाही. एक्सपायरीचा माल वेळेत उचलतात का, एवढं बघतो. पण १०+१ ची स्कीम (दहावर एक फुकट), राहिलेले क्लेम (कंपनीकडून यायचे पैसे), ही बोलणी रात्री दहाला शटर अर्धं ओढल्यावर होतात, हे खरं आहे. त्या वेळी लेडीज येऊ शकत नाहीत, आणि आल्या तर आम्हालाही बरं वाटत नाही. मी आता दुपारी तीन ते चार वेळ ठेवलीय, तेव्हा काउंटर रिकामा असतो. जो येईल त्याला स्कीम सांगतो. रात्री येणारी मुलं यावर नाराज आहेत, तेही सांगून ठेवतो.

स्पष्ट बोलतो

नाराज असणारच. रात्री दहापर्यंत थांबतो तो त्याच्या मेहनतीने थांबतो. ती मेहनत दुपारी तीनला सगळ्यांना फुकट वाटायची का?

रानजाई

उशिरापर्यंत थांबणं ही मेहनत असेल, तर सकाळी सहाला डबे करून, मुलाला शाळेत सोडून आठच्या कॉलला (डॉक्टरांच्या भेटीला) पोचणं ही कोण मोजणार? तुमची मेहनत मी नाकारत नाही. दुकानदाराने सगळ्या कंपन्यांना एकच वेळ दिली, यात तुमचं काय गेलं ते मात्र मला समजलेलं नाही.

घाटरस्ता

मुलाखतीचं सईने लिहिलेलं पटण्यासारखं आहे. हा हिशेब आमच्या बाजूने कुणी मांडत नाही. मग पुढच्या मीटिंगला मी हे मांडतो: हॉल्ट सगळ्यांना आळीपाळीने, आणि लॉजचा खर्च ठरावीक डीएतून नाही, प्रत्यक्ष बिलावर. बिलावर मिळालं तर आम्हालाही बरी खोली मिळेल, ढेकूण आम्हालाही चावतात. पण एकदा नाव प्लॅनमध्ये पडलं की ऐनवेळी "घरी अडचण आहे" म्हणून बदलून मागायचं नाही. आणि व्हेकंट एचक्यू ओढणाऱ्याला त्या एचक्यूचा इन्सेंटिव्ह मिळाला पाहिजे, ही मागणी मी सोडणार नाही. त्यात तुम्ही बायकांनी माझ्या बाजूने उभं राहावं.

रानजाई

इन्सेंटिव्हसाठी उभी राहीन, सही करून देते. लीव्हवर गेलेल्या मुलीवर शेजारच्याचा राग निघतो तो याच पैशांमुळे. त्याला पैसे मिळाले तर ती परत आल्यावर तिच्याशी धड बोलेल. फक्त एक घाला: परत आल्यावर तिचं टार्गेट पडलेल्या सेलवरून धरायचं, जुन्या आकड्यावरून नाही. बिलावर लॉज मंजूर झालं की चंदगड माझ्या नावावर लिहा. ऐनवेळी बदल मात्र पुरुषही मागतात, तो नियम सगळ्यांना लावा.

आता ग्रुपचं सांगा. ॲडमिन तुमच्या ओळखीचा आहे ना?

घाटरस्ता

आहे. बोलतो त्याच्याशी. पण ग्रुपवर सगळ्या कंपन्यांची माणसं आहेत, त्यातले निम्मे स्पष्ट बोलतो यांच्यासारखं म्हणतील. ॲडमिनने एकाला काढलं तर दहा जण बाहेर पडून दुसरा ग्रुप काढतील, आणि खबर तिकडे जाईल. त्यावर काय करायचं ते मला आज तरी सुचत नाही.

सई सटाणा

काढू देत. ज्याला स्टॉकिस्टचं क्लोजिंग माझ्याकडून हवंय, तो या ग्रुपवर राहील. मालेगाव-कळवणची खबर सध्या माझ्याइतकी कुणाकडे नाही.