नगरपरिषदेचा महोत्सव हवा की सभेचं इतिवृत्त?

आठसतराची_लोकल (धागाकर्ता)

गेल्या आठवड्यात आमच्या नगरपरिषदेच्या फेसबुक पानावर अकरा पोस्ट पडल्या. नऊ येऊ घातलेल्या शहर महोत्सवाच्या, एक वाढदिवसाची, आणि एक "उद्या दिवसभर पाणीपुरवठा बंद राहील" अशी. ही शेवटची रात्री साडेदहाला आली. तोवर आमच्या इमारतीची टाकी तळाला गेली होती आणि निम्मी बिऱ्हाडं झोपली होती.

मंगळवारी अर्धी रजा टाकून कार्यालयात गेलो. जिन्याखाली काचेचा नोटीस बोर्ड आहे. आत दोन वर्षांपूर्वीची एक निविदा, पिवळी पडलेली, एका कोपऱ्यातून सुटून खाली वळलेली. तिच्यामागे पाल. काचेला कुलूप, आणि किल्ली कोणाकडे हे शिपायालाही ठाऊक नाही. वर जाऊन मागच्या सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, म्हणजे सभेत काय ठरलं त्याची नोंद, मागितलं. उत्तर आलं, "माहिती अधिकारात अर्ज टाका." अहो, २००५च्या त्याच कायद्याचं कलम ४ सांगतं की अशा गोष्टी कुणी मागायच्या आधीच जाहीर करायच्या असतात! सभा लोकांना खुल्या आहेत का, इतिवृत्त बघायला मिळतं का, हेसुद्धा त्यांनी आपणहून सांगायचं असतं.

माझं म्हणणं साधं आहे. जी नगरपरिषद ठरावाची एक प्रत वेळेवर लावू शकत नाही, तिने चार दिवस मांडव घालू नये. या मांडवामुळे शहरात काय चाललंय याची बातमी म्हणजे फक्त कार्यक्रमाची बातमी झाली आहे. फीत कापली, सत्कार झाला, दीप लावला. कोणतं काम कुणाला, कितीला दिलं, हे कुठेच नाही. महोत्सव बंद करा.

सुगरण_बचतगट

दादा, तुम्ही सकाळी आठ सतराने जाता आणि रात्री नऊला उतरता. हे शहर तुमच्यासाठी झोपायची जागा आहे. राग मानू नका, माझे यजमानही तसेच. मी मात्र दिवसभर इथेच असते.

मागच्या महोत्सवात आमच्या गटाला स्टॉल मिळाला. पहिल्या दिवशी थालीपिठाची भाजणी आणि कुरडया घेऊन बसलो होतो, संध्याकाळी सातपर्यंत कोणी फिरकलं नाही. मग टॉवरमधल्या एक बाई आल्या, चार वर्षं इथे राहतात, म्हणाल्या, "स्टेशनच्या पलीकडे वस्ती आहे हेच माहीत नव्हतं." त्या बाईंच्या इमारतीतून आज वर्षभर ऑर्डर येते. हे तुमच्या इतिवृत्तातून झालं असतं का? पुलाच्या अलीकडचे आणि पलीकडचे लोक एकमेकांना दिसायला या शहरात दुसरी जागा कुठली, सांगा. बाग आहे ती सातला बंद होते. नाट्यगृहाचं भूमिपूजन तेवढं झालंय.

डेसिबल

मांडवाच्या मागच्या इमारतीत तान्हं बाळ आणि ऐंशीच्या सासूबाई आहेत. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, दहानंतर भोंगे बंद. राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. ते १५ दिवस सणांनी कधीच खाऊन टाकले. मग महोत्सव साडेअकरापर्यंत कोणत्या दिवसात बसतो? भरवा, पण दहाला बंद करा. बास.

निवृत्त_लेखापाल

पस्तीस वर्षं नगरपालिकांची हिशेबाची वही सांभाळली, म्हणून बोलतो. महोत्सव बंद करा म्हटलं की पुढचं वाक्य येतं, "मांडवाचे पैसे गटारावर घाला". हे ऐकायला बरं वाटतं. हिशेब तसा चालत नाही.

केंद्राच्या वित्त आयोगाचं अनुदान घ्या. पंधराव्या आयोगाने २०२१-२६साठी आपल्यासारख्या, दहा लाखांच्या आतल्या शहरांना जे दिलं त्यातलं ६० टक्के बंधित होतं, म्हणजे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्चायचं. उरलेलं अबंधित, पण त्यातूनही पगार आणि आस्थापना खर्च चालत नाही. राज्याच्या नगरोत्थान योजनेचा पैसा ज्या कामाला मंजूर त्याच कामाला. दिव्यांगांसाठी ५ टक्के बाजूला काढायचे. हे सगळं वजा केल्यावर सभागृहाच्या हातात मोकळं उरतं ते स्वतःचं उत्पन्न: घरपट्टी, गाळेभाडं, बाजार फी आणि अशीच किरकोळ. १९९९ला नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून बहुतेक नगरपालिका पगारालाही राज्याच्या सहायक अनुदानाकडे डोळे लावून बसतात. महोत्सव बंद झाला तरी आपल्या गटाराचा प्रस्ताव जिल्हा प्रशासनाकडे जिथे अडकलाय तिथेच अडकलेला राहील.

आणि सांस्कृतिक काम हे नगरपालिकेचं काम नाही, असंही कुणी म्हणू नये. ७४वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ला लागू झाली, तिने बारावी अनुसूची आणली. तिच्यात १८ विषय आहेत. तेराव्या क्रमांकाला स्पष्ट लिहिलंय, सांस्कृतिक, शैक्षणिक आणि सौंदर्यविषयक बाबींना प्रोत्साहन.

वेशीपलीकडचा

काका, पाचव्या क्रमांकाला पाणीपुरवठा आहे. आधी पाचवा, मग तेरावा! 😄

निवृत्त_लेखापाल

चौदावा स्मशानभूमीचा आहे. आपल्या स्मशानभूमीच्या शेडचं छत पहिल्या पावसात गळतं. क्रमानेच घ्यायचं तर तोही घ्या, तेव्हा बोला.

आठसतराची_लोकल

लेखापाल काका, तुमच्या हिशेबाला माझी हरकत नाही, उलट आभार. पण "स्वतःचं उत्पन्न" म्हणजे काय, माझी घरपट्टीच ना? ती भरायला उशीर झाला तर दरमहा २ टक्के शास्ती लागते. मग तिचा हिशेब मला मांडवाच्या खर्चासकट दिसला पाहिजे. ताई म्हणतात तसं मी झोपायला येतो, खरं आहे. पण घरपट्टी जागेपणी भरतो.

आणि दुसरं. मागच्या वर्षी प्रवेशद्वाराच्या कमानीवर प्रायोजक म्हणून चार नावं होती. त्यातली दोन नावं मला निविदांच्या यादीत पुन्हा दिसली. मी कुणावर आरोप करत नाही. पण जो रस्ता करतो त्यानेच मांडवाला पैसे द्यायचे आणि मग रस्त्याची खडी निघाली तर कुणी ओरडायचं? वर्गणी देणाऱ्याला मंडळवाले काही बोलत नाहीत, हे आपण लहानपणापासून बघतोय.

सुगरण_बचतगट

प्रायोजकांचं बरोबर बोललात. ठेकेदाराकडून पैसे घेऊ नयेत. पण म्हणून महोत्सवच बंद? पायाला काटा लागला तर चप्पल बदला, चालणं कशाला सोडता?

गावठाण

मी या शहरातला जुना. शहर नव्हतं तेव्हापासूनचा. आमची ग्रामपंचायत होती तेव्हा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्टला ग्रामसभा व्हायची. शाळेच्या पटांगणात, झेंडावंदन झालं की सतरंजी टाकून. माझे चुलते कधी शाळेत गेले नाहीत, पण दर सभेला उभे राहून सरपंचाला एकच प्रश्न विचारायचे, "तळ्याचा गाळ काढायचे पैसे आले होते, गाळ कुठाय?" सरपंच दर वेळी चिडायचा. शेवटी तिसऱ्या सभेला त्याने हिशेबाचा कागदच आणला आणि चुलत्यांच्या हातात दिला. चुलत्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी तो शेजारच्या मास्तरांना दिला आणि मास्तरांनी मोठ्याने वाचला. अख्ख्या गावाने ऐकला.

नगरपालिका झाली त्या दिवशी गावात फटाके वाजले. ग्रामसभा गेली हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. नगरपालिकेला ग्रामसभा नसते. घटनेत वॉर्ड समित्यांची सक्ती आहे, पण तीन लाख किंवा त्याहून जास्त वस्तीच्या शहरांना. २०११च्या जनगणनेत अंबरनाथ अडीच लाखांच्या आसपास होतं आणि बदलापूर पावणेदोन लाखांच्या. एवढ्या मोठ्या नगरपरिषदाही त्या सक्तीत बसत नाहीत, मग आपली कुठे बसणार? गावाला ग्रामसभा, मोठ्या शहराला वॉर्ड समिती. मधल्यांनी कुठे उभं राहून विचारायचं?

म्हणून मला महोत्सवाचा राग येत नाही. चार दिवस का होईना, नगराध्यक्ष हाताच्या अंतरावर सापडतो. मागे एका महोत्सवात पाळण्याजवळ गाठून मी त्यांना गटाराचं विचारलं. पण खरं सांगू, स्पीकर एवढा मोठा होता की त्यांनी काय उत्तर दिलं ते मला ऐकूच आलं नाही.

डेसिबल

🙏 माझा मुद्दा सिद्ध.

वेशीपलीकडचा

इतिवृत्त, इतिवृत्त चाललंय, पण वाचणार कोण? गेल्या वर्षी अंदाजपत्रकाची पीडीएफ मी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. दोन अंगठे आले. एक माझ्या बायकोचा. त्याखाली लगेच कुणीतरी सुविचार टाकला. तेच महोत्सवातल्या लावणीचा व्हिडिओ टाकला तर रात्री बारापर्यंत कमेंट. लोकांना जे हवं तेच नगरपालिका देते. दोष फक्त कार्यालयाचा नाही.

आठसतराची_लोकल

पीडीएफ कशी होती ते सांगा ना. मी पाहिली आहे. आडवी स्कॅन केलेली, अक्षरं मुंगीएवढी, "लेखाशीर्ष" आणि "आवर्ती" असले शब्द. माझ्या बायकोने नाही वाचली तर तिची चूक नाही. तीच नगरपालिका महोत्सवाचं पत्रक रंगीत छापून वर्तमानपत्रात घालून दारात टाकते. म्हणजे लोकांपर्यंत कसं पोचायचं हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. "प्रभाग ७, रस्त्याचं काम, अमुक रक्कम, अमुक महिन्यात पूर्ण" एवढंच त्याच पत्रकाच्या मागच्या पानावर छापा. मागचं पान कोरंच असतं.

निवृत्त_लेखापाल

मागच्या पानाची कल्पना चांगली आहे, मान्य. मात्र एक गोष्ट तरुण मंडळींनी लक्षात घ्यावी. कित्येक नगरपरिषदांमध्ये वर्षानुवर्षं प्रशासक बसले होते. ओबीसी आरक्षणाचा खटला रेंगाळला, ६ मे २०२५ला सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या म्हणून सांगितलं, आणि मतदान व्हायला डिसेंबर उजाडला. मधल्या काळात सभागृहच नव्हतं. ठराव मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर व्हायचे. सभाच नाही तर इतिवृत्त कसलं? कर्मचाऱ्यांची सवय मोडली आहे. नवे नगरसेवक आलेत, त्यातल्या निम्म्यांना उपसूचना, म्हणजे ठरावात दुरुस्ती, कशी मांडायची ठाऊक नाही. त्यांना थोडा वेळ द्या.

वेशीपलीकडचा

वेळ? बॅनर मात्र निकालाच्या रात्रीच लागले होते, काका.

सुगरण_बचतगट

एक सांगायचं राहिलं. गेल्या महोत्सवात आमच्या शेजारच्या स्टॉलवर घरपट्टी भरायचा काउंटर होता. दोन कारकून, एक मशीन. गर्दी आमच्यापेक्षा त्यांच्याकडे जास्त! कारण लोक घरपट्टी भरता भरता विचारायचे, "अहो, आमच्या गल्लीतला दिवा कधी लागणार?" तो कारकून बिचारा वहीत लिहून घ्यायचा. शेवटच्या दिवशी वही भरली. पुढे तिचं काय झालं ते माहीत नाही, पण एका बाईंच्या गल्लीत दिवा लागला एवढं खरं. मग तिथेच एक काउंटर ठरावांचा ठेवा ना! मांडवही राहील आणि दादांचं इतिवृत्तही.

आठसतराची_लोकल

ताई, तुम्ही मला गप्प करायला निघालात आणि थोडंफार केलंतही. तरी माझं पटत नाही. वसुलीच्या काउंटरवर तक्रार लिहून घेणं ही त्या कारकुनाची मेहेरबानी झाली. गावठाण काकांचे चुलते मेहेरबानी मागत नव्हते. ते सभेत उभे होते, आणि सरपंचाला कागद आणावा लागला. चार दिवसांच्या स्टॉलवर भागवलं तर उरलेले दिवस तो काचेचा बोर्ड आणि ती पाल आहेच. महोत्सव बंद करा, हे मी मागे घेतो. पण इतिवृत्त लागल्याशिवाय महोत्सवाच्या खर्चाला मंजुरी नको, एवढा ठराव कुठला नगरसेवक मांडतो का बघूया.

वेशीपलीकडचा

कुणी मांडणार नाही. पैज.

गावठाण

पैजा नंतर लावा. आमच्या प्रभागाच्या दोन नगरसेवकांपैकी एक जण पुतण्याच्या वर्गातला निघाला. त्याच्याकडून कळलं, पुढची सर्वसाधारण सभा येत्या गुरुवारी, दुपारी तीनला. महोत्सवाच्या खर्चाचा विषय त्यात आहे म्हणे. मागे बाकं असतात, मागच्या वेळी मी बसलो होतो, कुणी उठवलं नाही. आठसतरावाले, येणार का?

आठसतराची_लोकल

गुरुवारी दुपारी तीन. नोकरी करणाऱ्याला बरोब्बर न जमणारी वेळ. अर्धी रजा एकच उरली आहे. विषयपत्रिका मिळेल का, की त्यासाठीही अर्ज?

गावठाण

पुतण्याने फोटो काढून पाठवलाय. तिसरं पान तिरकं आलंय, मान वाकडी करून वाचा.