वजिराचा बळी नसेल तर तो डावच नव्हे?

अडीचघरे:
प्यादेमात यांनी परवा आपल्या आवडीच्या बुद्धिबळातील दहा प्रसिद्ध डावांची यादी दिली आणि तिच्या शेवटी लिहिले की, ज्या डावात वजिराचा बळी नाही तो डाव नव्हे, ती किराणा दुकानाची वही. यादी ज्याची त्याची असते. पण या वाक्याला उत्तर दिल्यावाचून मला राहवत नाही.

यादीत पहिला अर्थातच अँडरसन आणि किझेरिट्स्की यांचा १८५१ सालचा लंडनमधील 'अमर डाव'. पांढऱ्याने एक उंट, दोन्ही हत्ती आणि वजीर देऊन टाकले, बदल्यात जेमतेम तीन प्यादी मारली आणि तेविसाव्या खेळीला उंटाने मात दिली, हे सर्व खरे आहे. पण तो स्पर्धेतील डाव नव्हता, सवडीने खेळलेला मैत्रीचा डाव होता. आणि अठराव्या खेळीला उंट डी ६ वर (पटावरच्या घराचे नाव: उभी ओळ अक्षराने, आडवी आकड्याने) नेण्यापेक्षा सरळ जिंकणाऱ्या खेळ्या पटावर होत्या. समोरचा दिसेल ते खात सुटला, याला अमरत्व म्हणायचे असेल तर आमच्या चाळीत दर रविवारी दोनतीन डाव अमर होत असत.

माझ्या लेखी श्रेष्ठ डाव म्हणजे तेव्हाचा जगज्जेता कापाब्लांका विरुद्ध तार्ताकोव्हर, न्यूयॉर्क, १९२४. हत्ती आणि प्याद्यांचे अंत्यपर्व, म्हणजे पटावर थोडीच मोहरी उरलेला शेवटचा टप्पा आहे, पांढरा हत्ती सातव्या ओळीत शिरून बसला आहे, आणि पस्तिसाव्या खेळीला कापाब्लांका आपला राजा जी ३ वर आणतो. काळा हत्ती एक प्यादे शह देत मारतो, थोड्या वेळाने दुसरेही शह देतच मारतो, आणि पांढरा राजा मात्र एच ४, जी ५ असा चालतच राहतो. आता खरी गंमत पाहा. एफ ५ वरचे काळे प्यादे आयते मिळत असताना राजा ते मारत नाही, त्याच्या पुढे एफ ६ वर जाऊन उभा राहतो, कारण उभ्या ओळीतून येणारे शह आता तेच काळे प्यादे अडवणार असते. शत्रूच्याच प्याद्याची छत्री! ही किराणा दुकानाची वही असेल तर मी आयुष्यभर वाणसामान वाचत बसायला तयार आहे.

प्यादेमात:
मैत्रीचा डाव म्हणून त्याची किंमत कमी, हा न्याय लावायचा तर अमेरिकेच्या मॉर्फीचा १८५८ चा पॅरिसमधील डावही बाद करावा लागेल. तोही ऑपेरागृहात, ब्रन्सविकचा ड्यूक आणि काउंट इझुआर या दोघांच्या जोडीविरुद्ध खेळला गेला. वजीर बी ८ वर, घोड्याने तो मारला, हत्ती डी ८ वर आणि मात; एकूण सतरा खेळ्या. माझ्या आजोबांनी वीज गेलेल्या रात्री कंदिलाच्या उजेडात हा डाव मला मांडून दाखवला होता, आणि शेवटची खेळी करण्याआधी हत्ती हातात धरून ते 'सांग, आता काय?' असे विचारत बराच वेळ थांबले होते. तुमच्या कापाब्लांकाच्या राजाची सहल दाखवली असती तर मी बहुधा झोपलो असतो.

समोरच्याची चूक हा मुद्दा तर हास्यास्पद आहे. १९९९ साली नेदरलँड्समधील वाइक आन झे येथील स्पर्धेत कास्पारोव्हने चोविसाव्या खेळीला डी ४ वर दिलेला हत्ती तोपालोव्हने मारला नसता आणि राजा बी ६ वर नेला असता, तर त्याचे काहीच बिघडले नसते. त्याने हत्ती मारला, म्हणून तर त्याचा राजा भर पटातून फरफटत पार ई १ पर्यंत गेला. टाळी एका हाताने वाजत नाही.

किल्लेकोट:
या बळींच्या नादाचे व्यावहारिक परिणाम कुणी तरी लिहायला हवेत, म्हणून स्वतःचा अनुभव सांगतो. आठवीत असताना तालुक्याच्या स्पर्धेत मी असाच हत्ती दिला. समोरच्या गृहस्थांनी तो उचलला, शांतपणे पेटीत ठेवला, चहा मागवला आणि चाळिसाव्या मिनिटाला माझा डाव संपवला. प्रसिद्ध डावांच्या याद्यांत असे डाव येत नाहीत, कारण ते हरणाऱ्यांच्या वहीतच राहतात.

उंटावरचाशहाणा:
प्यादेमात यांच्या यादीत विश्वनाथन आनंदचा आरोनियनविरुद्धचा २०१३ चा डाव पाहून मात्र मला हसू आले. तो घरून पाठ करून आणलेला डाव आहे. ती तयारी २०१२ च्या गेलफांडविरुद्धच्या जगज्जेतेपदाच्या सामन्यासाठी झालेली होती आणि तिथे न वापरलेला मसाला वाइक आन झेला खर्च झाला. पाठांतराला प्रतिभा म्हणू नये.

पांढरीसोंगटी:
सोळाव्या खेळीला सी ५ वरचा उंट मरणाच्या दारात सोडून घोडा ई ५ वर आणण्याची छाती पाठांतराने येत असेल, तर आपण सर्वांनीच पाठांतर करावे! गवई घरी रियाज करून आला म्हणून मैफलीतील त्याची तान उष्टी ठरते काय?

उंटावरचाशहाणा:
ताई, रियाज वेगळा आणि ध्वनिमुद्रण लावून ओठ हलवणे वेगळे. संगणक-यंत्र आणि सहाय्यक यांनी शोधलेल्या खेळ्यांवर एकट्याचे नाव लागते, याला माझा आक्षेप आहे.

पांढरीसोंगटी:
मग १९०७ साली रुबिनस्टाइनने पोलंडमधील वुज येथे रोटलेवीविरुद्ध काय लावले होते? तिथेही दोन काळे उंट पांढऱ्या राजावर अशीच नजर रोखून बसलेले आहेत, आणि तेव्हा यंत्र नव्हते. आनंदने तो डाव पचवलेला होता, म्हणूनच या डावाच्या खेळ्या त्याला दिसल्या. माझी मुलगी शिकवणीला जाते, तिथे तिला महिना महिना नुसती कोडी सोडवायला देतात, जुना डाव एकही दाखवत नाहीत. कोणाची बाजू वरचढ ते दाखवणारी संगणकाच्या पडद्यावरची पट्टी खाली गेली की 'चूक' म्हणायचे, एवढेच तिला येते.

उंटावरचाशहाणा:
मी स्वतः शिकवतो. सरसकट बोलू नका. तीस मुलांच्या वर्गात रुबिनस्टाइन मांडून पाहा, दहाव्या खेळीला अर्धी मुले खिडकीबाहेर बघत असतात. मात्र रुबिनस्टाइनचा डाव आनंदच्या डावाहून मोठा आहे, हे तुम्हीच सिद्ध केलेत, त्याबद्दल आभारी आहे.

अडीचघरे:
आनंदच्या गृहपाठावरून एवढे रण माजले आणि माझ्या अंत्यपर्वाकडे कुणी ढुंकूनही पाहिले नाही, यातच माझा मुद्दा आला. प्यादेमात, मॉर्फीचा डाव लहान मुलाला दाखवायला उत्तम आहे, हे मी मान्य करतो. आपण मोठे कधी होणार, एवढेच विचारायचे होते.

प्यादेमात:
काल रात्री आजोबांच्याच पटावर तुमचा डाव मांडला. राजा एफ ६ वर ठेवला आणि काळ्याच्या बाजूने शह शोधत पाऊण तास बसलो. त्या प्याद्यामुळे एकही धड शह सापडला नाही. तेव्हा तुमचा कापाब्लांका माझ्या यादीत घेत आहे, अकराव्या क्रमांकावर. यादी दहाचीच राहील.