पोरं आजारी पडली की घरात काय होतं? अनुभव लिहा

धाकट्याला महिन्यात तिसऱ्यांदा ताप आलाय, म्हणून रात्री अडीचला हा धागा काढालोय. औषधं विचारत नाही, त्याला डॉक्टर आहेत. कुठं फसलात, कुठं हात टेकले ते लिहा.

माझ्यापासनं सुरुवात. तापाचं सिरप संपलं, कोल्हापुरात राजारामपुरीतनं नवीन आणलं, नाव तेच, बॉक्सपण तसाच. झोपेत नेहमीसारखं टोपणात पाच एमएल ओतून पाजलं आणि मग मोबाईलच्या उजेडात बघतोय तर जुन्या बाटलीवर पाच एमएलला 125 मिलिग्रॅम होतं, हिच्यावर 250. अकरा किलोचं पोरगं आणि डबल डोस! घाम फुटला. डॉक्टरांनी फोनवर वजन विचारलं, एकदाच दिलंय ना विचारलं, म्हणाले आता सहा तास परत देऊ नका, लक्ष ठेवा. तवापासनं बाटलीवर मार्करनं एमएल लिहितो आणि फ्रिजवर कागद, किती वाजता कुणी दिलं, कारण बायकोपण उठून देते आणि मीपण.

मंगळवार पेठ
दादा, आमच्या पोरीला झटका आला होता, दीड वर्षाची होती. संध्याकाळी जरा कोमट लागत होती एवढंच, आठच्या सुमाराला मांडीवरच डोळे फिरवले, हातपाय ताठ, ओठ निळसर. वाड्यातली सगळी गोळा झाली, एकजण चप्पल हुंगवालाय, एकजण कांदा फोडालाय, आजी चमचा घेऊन आली दातात घालायला. वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंनी सगळ्यांना बाजूला सारून पोरीला कुशीवर वळवलं आणि मला म्हणाल्या तू नुसतं घड्याळ बघ. दोन मिनिटांत थांबलं. घड्याळ नसतं तर मी अर्धा तास सांगितला असता. नंतर डॉक्टर म्हणाले सहा महिने ते पाच वर्षांच्या पोरांना तापात असं होऊ शकतं, बहुतेकांना पुढं काही होत नाही, तोंडात काही घालू नका, पाच मिनिटांच्या वर गेलं तर 108 लावा. सगळं पटलं, पण वर्षभर मी तिच्या पायाला हात लावूनच झोपायचो.

दोघांची आई, कळंबा
हात-पाय-तोंडाचे फोड. बालवाडीत एकाला आले आणि आठवड्यात निम्मा वर्ग घरी. तोंडात फोड म्हणून दहीभातपण नको, नुसतं गार दूध. मी गोकुळ शिरगावला एमआयडीसीत कामाला, रजा मोठ्याच्या वेळीच संपलेल्या. खरं सांगू का, एकदा मीपण सकाळी सिरप पाजून बालवाडीत सोडलंय, अकराला फोन आला, घेऊन जा. त्या दिवसापासनं दुसऱ्या आयांना नावं ठेवायची बंद केली.

शुक्रवार पेठ
2019 चा महापूर. पंचगंगा 55 फुटांच्या वर, आम्ही घर सोडून नणंदेकडं, पंपिंग स्टेशनच पाण्यात म्हणून नळ कोरडे, आणि बाळाला जुलाब. नणंद ओआरएसची चिमूटभर पावडर पेल्यात टाकून द्यायची, पाकीट पुरवून वापरायचं म्हणून. डॉक्टरांनी झापलं, मोठं पाकीट अख्खं एक लिटरला, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून टाकायचं. टँकरच्या रांगेत उभं राहून आणलेलं, उकळून गार केलेलं पाणी ओतून द्यायचं म्हणजे जिवावर यायचं. तुळशीलापण घालता येईना, मीठ ना त्यात. जुलाब थांबले तरी झिंकचा कोर्स पूर्ण चौदा दिवस करायला लावला.

राजारामपुरीची सून
सासूबाई मीठ-मिरच्यांनी दृष्ट काढतात, मी सिरप देतो (हो, मी बाईच हाय, आमच्याकडं असंच बोलतात). ताप उतरला की क्रेडिट मिरच्यांना, चढला की 'तूच गार पाण्यानं अंघोळ घातलीस'.

धागा काढणारा
काकू, हे आमच्या आईला वाचून दाखवणार नाही 😀
ताप आत्ता 99 आहे, झोपलंय. फ्रिजवरच्या कागदावर 2:10 लिहिलंय, अक्षर बायकोचं हाय का माझं तेच कळंना झालंय.