वीज गेल्यावर शेवटच्या नोंदी का सापडत नाहीत?

लिनक्समध्ये जर्नलडी ही सेवा सिस्टममधल्या घडामोडींच्या नोंदी, म्हणजे लॉग, ठेवते. व्हार-लॉगमध्ये (/var/log) 'जर्नल' नावाचं फोल्डर केलं की रीस्टार्टनंतरही लॉग टिकतात, असं सांगतात. बरोबर. ते नसेल तर अनेक सिस्टमवर नोंदी रॅममध्येच राहतात आणि मशीन बंद होताच जातात. पण वीज अचानक गेली तर तेवढ्यानं भागत नाही. आमच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हिशेबाचा एक लिनक्स पीसी आहे. पावसाळ्यात वीज गेली, परत आल्यावर मी मागच्या बूटचा, म्हणजे वीज जाण्याआधी पीसी चालू होता तेव्हाचा, लॉग काढला, तर नेमका शेवटचा भागच गायब! दोन संध्याकाळी मी हार्डडिस्कवरच संशय घेत होतो. कारण वेगळंच निघालं. जर्नलडी साध्या नोंदी लगेच डिस्कवर पक्क्या करत नाही, मूळ सेटिंगमध्ये त्यासाठी 5 मिनिटांची मुदत असते. फक्त 'क्रिटिकल' पातळीच्या आणि त्याहून गंभीर नोंदी तत्काळ डिस्कवर जातात. जर्नलडीच्या सेटिंगच्या (कॉन्फ) फाइलमध्ये 'सिंक इंटरव्हल सेक' ही मुदत 30 सेकंद केली आणि ती सेवा रीस्टार्ट केली, तेव्हापासून नोंदी बऱ्याच पुढपर्यंत मिळतात. डिस्कवर लिहिणं थोडं वाढतं, पण आमच्याकडे ते परवडतं. फोल्डरमध्ये नावाच्या शेवटी टिल्डे (~) असलेल्या फाइली दिसल्या तर त्या नीट बंद न झालेल्या जर्नलच्या असतात, घाईनं उडवू नका, त्याही वाचता येतात.

आणि व्हॅक्यूम (जुने लॉग पुसणं) करूनही डिस्कवरची जागा सुटत नाही म्हणणाऱ्यांनी आधी रोटेट करावं, म्हणजे चालू लॉग फाइल बंद करून नवी सुरू करावी. व्हॅक्यूम चालू फाइलला हात लावत नाही.