रात्रीचं जेवण घरी कसं जमवायचं? (सोसायटी ग्रुप, पर्वरी, गोवा)

निखिल, सी-४०३: नमस्कार मंडळी. टँकरचा विषय मिटला असेल तर एक विचारू का? हिची वेर्ण्याला शिफ्ट बदललीय, दुपारी दोन ते रात्री दहा. त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक आता माझ्या गळ्यात. पणजीहून निघून पर्वरीचं ट्रॅफिक पार करेपर्यंत साडेसात होतात, आणि आठला दोन्ही पोरं भुकेनं कावलेली असतात. मला चहा, ऑम्लेट, मॅगी आणि कुकरचा भात येतो. बाकी सगळं बाहेरून मागवून चाललंय. त्या तेलकट लाल ग्रेव्हीला पोरं कंटाळली आणि बिलाला मी. सुरुवात कुठून करावी?

राजेश, डी-३०१: वहिनींना सांग शिफ्ट बदलून घ्यायला 😄

स्नेहल, बी-२०२: राजेशदादा, तुमच्याकडे रविवारी कोण राबतं ते पूर्ण विंगला माहीत आहे. निखिल, तू विचारलंस ते बरं केलंस.

प्रमिला काकू, ए-१०१: निखिल, तू सांगलीकडचा ना रे? पोरं नुस्तें, म्हणजे मासे, खातात का?

निखिल, सी-४०३: थोरली खाते काकू. धाकटा काट्याला घाबरतो. आणि मी आजवर मासा साफ केलेला नाही.

प्रमिला काकू, ए-१०१: साफ करायला कशाला हवं? घेशील तिच्याकडूनच कापून घ्यायचं. हुमण, म्हणजे नारळाच्या वाटणातली माशाची आमटी, येऊ दे आधी, अर्धं घर चालेल. हे वाच नीट. अर्धा नारळ खवायचा. सहा-सात ब्याडगी मिरच्या बिया काढून कोमट पाण्यात भिजवायच्या, म्हणजे रंग येतो आणि पोरांना तिखट लागत नाही. चमचाभर धणे, पाव चमचा हळद, चिंचेचं लहान बोटूक. हे सगळं मिक्सरला गंधासारखं वाट. खरबरीत राहिलं तर आमटी फुटल्यासारखी दिसते, पाणी वेगळं आणि चव वेगळी. मिक्सर गरम झाला की थांब, थोडं पाणी घाल, परत फिरव. बोटांत धरून बघ, कण लागला नाही पाहिजे. मग टोपात पाणी घालून उकळायला ठेव, मीठ घाल. बांगडा किंवा तारले असतील तर पाच-सहा तिरफळं घे, आतली काळी बी काढून टाक, साल जरा ठेच आणि सोड. दोन सोलां, म्हणजे आमसुलं. उकळी आली की मासे सोड, आच बारीक, आणि पळी घालू नकोस, टोप धरून हलव. सहा-सात मिनिटांत झालं. फोडणी नाही, वरून कच्च्या खोबरेल तेलाचा चमचा, आवडला तर.

निखिल, सी-४०३: फोडणीच नाही?? आमच्याकडे फोडणीशिवाय स्वयंपाक सुरूच होत नाही.

प्रमिला काकू, ए-१०१: म्हणूनच लवकर होतं.

अपर्णा, सी-१०४: सुंगटं (कोळंबी) असतील तर तिरफळ नको, कांदा चिरून घाल. इसवणालाही (सुरमई) तसंच. तिरफळ बांगडा-तारल्यांच्या वासाला. आत्ता ओली तिरफळं मिळतात, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी परवाच पाहिली. घेऊन वाळवून ठेव, वर्षभर पुरतात. आणि पोरांना सांगून ठेव की ते चावायचं नसतं, जीभ बधिर होते.

स्नेहल, बी-२०२: काकूंचं हुमण मी खाल्लेलं आहे, त्याला तोड नाही. पण निखिलला साडेसातला नारळ खवायला लावाल तर तो आठ वाजता परत ऑर्डरच करेल. माझं गणित वेगळं आहे. मी म्हापशाला बँकेत, आमचे हे जहाजावर, आणि मी पदार्थ शिकत बसले नाही. रविवारी एक वाटण करते आणि आठवडाभर तेच वेगवेगळ्या गोष्टींत घालते. दोन नारळांचं वाटण, काकूंनी लिहिलं तसंच, फक्त चिंच वगळून, कारण आंबट काय ते त्या त्या दिवशी ठरतं. बर्फाच्या ट्रेमध्ये भरायचं, गोठलं की ठोकळे काढून पिशवीत. संध्याकाळी आल्याबरोबर चार-पाच ठोकळे टोपात, वर गरम पाणी. कपडे बदलून येईपर्यंत उकळी आलेली असते.

सोमवारी त्यात भेंडी आणि सोलां. मंगळवारी बांगडा आणि तिरफळ. बुधवारी चमचाभर उडीद डाळ आणि पाव चमचा मेथी तेलावर परतून, कुटून त्याच वाटणात घातली की उडदामेथी. आत्ता आंबाडे आहेत, तेच टाकायचे, उन्हाळ्यात कैरी. गुरुवारी मी काहीच करत नाही, वरण-भात, पापड, लोणचं, आणि कोणी तक्रार केली तर त्याने उद्याचा स्वयंपाक करायचा. शुक्रवारी कांदा तेलावर लाल करून त्यात वाटण चांगलं खरपूस परतायचं आणि सकाळी भिजत घालून गेलेले आळसांदे (गावठी चवळी) कुकरला लावून त्यात ढकलायचे. पोदेर (पाववाला) संध्याकाळी येतोच, पोयी (गव्हाचा पाव) घ्यायची, जेवण झालं.

प्रमिला काकू, ए-१०१: ते शुक्रवारचं तोणाक, म्हणजे आपली कडधान्याची रस्साभाजी, नव्हे हां बाये. तोणाकाला खोबरं कांदा आधी भाजून मग वाटतात. आणि गोठवलेल्या खोबऱ्याला ताज्याची गोडी येत नाही. माझी सासू पाट्यावर वाटायची, रगड्यावर वाटलेलंही तिला चालत नसे.

स्नेहल, बी-२०२: गोडी कमी येते, कबूल. सणाला मी पण ताजंच करते. पण काकू, तुमच्या सासूबाईंना सकाळी नऊला कॅश काउंटर उघडायचा नव्हता.

प्रमिला काकू, ए-१०१: ते खरं. 🙏

डॉक्टर, बी-३०४: मधेच बोलतो, पण महत्त्वाचं आहे. निखिल, संध्याकाळी येताना रस्त्याकडेचा बांगडा घेऊ नका, सकाळपासून उन्हात पडलेला असतो. बांगडा, तारले, ट्यूना या माशांत एक गोष्ट होते: मासा गरम हवेत राहिला की जिवाणू त्याच्या मांसात हिस्टामिन तयार करतात. एकदा तयार झालं की ते शिजवून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये ठेवूनही जात नाही. वासही नेहमी येतोच असं नाही. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासा-दोन तासांत तोंड लाल, अंगाला खाज, डोकं दुखणं, आणि लोक म्हणतात माशाची ॲलर्जी झाली. त्यामुळे सकाळी घ्या, पोट साफ करून, धुऊन, लगेच फ्रीजच्या थंड कप्प्यात. हळद-मीठ लावून ओट्यावर ठेवून ऑफिसला जाऊ नका.

दुसरं भाताचं. रात्रीचा उरलेला भात टोपात तसाच सकाळपर्यंत बाहेर ठेवायची सवय आहे आपल्याकडे. भातातल्या एका जिवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट भातात ते वाढतात आणि त्यांचं विष पुन्हा गरम करून जात नाही. उरला की ताटात पसरून गार करा आणि तासा-दोन तासांत फ्रीजमध्ये टाका.

राजेश, डी-३०१: डॉक्टर, आता मला भातही खाववेना.

डॉक्टर, बी-३०४: खा हो. फक्त फ्रीज वापरा.

सेक्रेटरी, डी-१०२: फ्रीजचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. पावसात वीज जाते आणि सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांना आहे, फ्लॅटना नाही. दर वर्षी कुणीतरी विचारतं. तसंच माशाचं पाणी, खवले बेसिनमध्ये सोडू नयेत, ए-विंगची लाइन मागच्या महिन्यात तुंबली होती. ओला कचरा बंद पिशवीत, सकाळी गाडी यायच्या आधीच बाहेर. आदल्या रात्री ठेवला की मांजरं फाडतात.

स्नेहल, बी-२०२: वीज गेली तर फ्रीज उघडायचा नाही, एवढंच. दार बंद असेल तर खालचा भाग चार तास निभावतो, गच्च भरलेला फ्रीझर दोन दिवससुद्धा. अर्धा रिकामा असेल तर एकच दिवस धरा, म्हणून मी मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवते. वाटण मऊ पडून कोमट झालं असेल तर सरळ फेका. दोन नारळांचा जीव तो, हळहळू नका.

निखिल, सी-४०३: हे सगळं लिहून घेतोय. दोन शंका. आम्ही कोलमचा भात खातो, पण धाकट्याला शाळेत कुणाच्या तरी डब्यातला उकडा भात आवडलाय. तो कुकरला होतो का? आणि भाजी कुठून घेता? घराजवळच्या दुकानात दर ऐकून भोवळ येते.

अपर्णा, सी-१०४: हॉर्टिकल्चर कॉर्पोरेशनचा गाळा बघ, सरकारी सवलतीच्या दरात मिळते. भाजी बरीचशी बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने येते, त्यामुळे घाटात दरड कोसळली की गाळाही रिकामा आणि बाजारही महाग. तेव्हा गावच्या भाजीवर भागवायचं. तांबडी भाजी (लाल माठ) घे, निवडायला पोरांना बसव, लसूण-मिरचीवर परत आणि वरून खोबरं. दहा मिनिटांचं काम.

प्रमिला काकू, ए-१०१: आणि आगशीची वांगी दिसली तर सोडू नको. मोठाली असतात, बिया कमी. काप करून मीठ-हळद-तिखट लावायचं, रव्यात घोळवून तव्यावर टाकायचे. धाकट्याला मासा म्हणून वाढ, काटा नाही. खाईल.

निखिल, सी-४०३: 😂 काकू, हा उपाय भारी आहे.

स्नेहल, बी-२०२: उकड्या तांदळाचं: माझ्या कुकरला वाटीला साडेतीन वाट्या पाणी आणि सहा शिट्ट्या लागतात. तुझा कुकर वेगळा असेल, पहिल्यांदा पाणी जास्तच घाल. उरलेलं पाणी ओतून टाकू नकोस, मीठ घालून पोरांना दे. आणि सकाळी निघताना तांदूळ भिजत घाल, संध्याकाळी वेळ वाचतो. कुकरच्या तळाला तूर डाळ, वरच्या भांड्यात साधा भात, कडेला दोन बटाटे, एकाच वेळी तिन्ही होतात. उकडा मात्र वेगळाच लाव, त्याची वेळ डाळीशी जुळत नाही.

एक अजून. सातही दिवस घरी करायचं असं मनात आणू नकोस. चार दिवस धर. उरलेल्या दिवशी पोयी आणि भाजी, किंवा अंडी. आम्ही बायका हे "रोज सगळं" मनावर घेऊन दमतो, तू नव्यानं सुरू करतोयस तर ती सवय लावूनच घेऊ नकोस.

राजेश, डी-३०१: खरं सांगू का, हे वाटण-ठोकळ्याचं मला पण पटलं. दोन नारळांना साधारण किती मिरच्या?

स्नेहल, बी-२०२: पंचवीसेक ब्याडगी, चार मोठे चमचे धणे, चमचाभर हळद, आठ-दहा मिरे. बिया काढून. पाणी कमीत कमी, नाहीतर ठोकळ्यांत बर्फच जास्त होतो. आणि नारळ तुम्ही खवा, वहिनी नको.

राजेश, डी-३०१: विळीवर हात कापेल.

प्रमिला काकू, ए-१०१: करवंटी तापवून खोबरं सोडव आणि तुकडे मिक्सरला लाव. कारणं नको.

डॉक्टर, बी-३०४: कापलंच तर मी तिसऱ्या मजल्यावर आहे.

प्रमिला काकू, ए-१०१: निखिल, उद्या सकाळी सातला गेटवर ये. आपली नुस्तेंकान्न (मासेवाली) येते, मी असेनच. कल्ला उचलून बघायचा, लालबुंद पाहिजे. डोळा वर आलेला, काचेसारखा. पोटावर बोट दाबलं की खड्डा राहता कामा नये. पहिल्या दिवशी मी दाखवीन, मग तुझं तू. बांगडेच घे, इसवणाचे दर आत्ता ऐकू नकोस.

निखिल, सी-४०३: येतो काकू. पिशवी आणू?

प्रमिला काकू, ए-१०१: झाकणाचा डबा आण. आणि तळाला थोडा बर्फ घालून.